छत्रीखाली खोटं बोलता येत नाही

पत्र विलेपार्ल्याहून आलंय. लिहिणारे गृहस्थ 63 वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. घरी पत्नी, मुलगा आणि सून. वाचन दांडगं: चरित्रं, इतिहास, वैचारिक. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या माडीवर पंधरा-वीस जण जमतात आणि महिन्याभरात काय वाचलं त्यावर बोलतात. तिथे यांच्या शब्दाला वजन आहे.

जुलैत पावसाने गाड्या बंद पडल्या त्या दिवशी सून घरूनच काम करत होती आणि हे एकच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होते. "बाबा, हे घ्या," म्हणून तिने आपल्याकडची एक इंग्रजी कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. हलकीफुलकी प्रेमकथा, वर चवीपुरती जादू. एका पावसाळी गावात छत्र्या दुरुस्त करणारी एक मुलगी असते. तिने दुरुस्त केलेल्या छत्रीखाली उभं राहून कुणालाही खोटं बोलता येत नाही. तिथे विमा कंपनीचा एक तपासनीस येऊन पडतो, म्हणजे लोकांचं खोटं पकडण्यावरच ज्याचं पोट आहे असा माणूस. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गृहस्थांनीही ओळखलं होतं, तरी रात्री दोनपर्यंत जागून दोन दिवसांत पुस्तक संपवलं.

त्या महिन्याच्या शनिवारी सून पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर माडीवर आली. वाटेत मैत्रिणीला परत द्यायचं म्हणून ते पुस्तक यांच्या कापडी पिशवीत होतं. मंडळातल्या एकांनी विचारलं, "पिशवीतून काय गुलाबी गुलाबी डोकावतंय?" हे म्हणाले, "सूनबाईचं आहे. टाइमपास." (आणि पुढे, "बायकांचं वाचन हो.") सगळे हसले. सूनही हसली. परतताना रिक्षात ती भाजीच्या भावाबद्दल बोलली. त्याला तीन आठवडे झाले. एरवी यांच्या चष्म्याच्या घराशेजारी टीपॉयवर ती काही ना काही वाचायला ठेवून जायची. ते बंद झालंय. पत्नीचं म्हणणं, "तुमचं तुम्ही निस्तरा."

ते विचारतात: पुस्तक मला आवडलं हे खरं. पण चार जाणत्या लोकांत मत मांडावं एवढं ते पुस्तक मोठं आहे का? आणि सुनेची समजूत कशी काढू? गप्प बसू, तिला एखादं चांगलं पुस्तक भेट देऊ, की पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर कबुली देऊ? पत्राखाली सही आहे, 'छत्रीबाहेरचा'.

---

नमस्कार 'छत्रीबाहेरचे',

तुमचं पत्र सहा पानी आहे, त्यातलं दीड पान 212 व्या पानाबद्दल आहे. वाचकांसाठी सांगते: गृहस्थांची तक्रार अशी, की 212 व्या पानावर तो तपासनीस तिच्याच छत्रीखाली उभा राहून तिला सांगतो, "मला या गावात राहायचं नाही." खरं तर त्याला राहायचं असतं, हे शेवटी कळतंच. मग तो छत्रीखाली खोटं कसा बोलू शकला? लेखिकेने स्वतः घालून दिलेला नियम स्वतःच मोडला आणि पुढे त्याचा खुलासाही केला नाही, म्हणून तुम्ही चिडला आहात. पान क्रमांकासकट चिडला आहात.

टाइमपास पुस्तकातली चूक कुणी अशी उराशी धरून बसत नाही हो. टाइमपास म्हणजे चर्चगेट ते अंधेरी शेंगदाणे खाल्ले आणि पुडीचा कागद तिथेच विसरलो. तुम्ही तो कागद घरी आणून उलगडून वाचलात.

त्यामुळे 'माझं मत सांगण्याइतकं ते पुस्तक मोठं आहे का' या प्रश्नाशी मी जरा अडखळते. मत सांगायला पुस्तक किती मोठं लागतं? तुमच्या बँकेत किमान शिल्लक ठेवायची अट असे, तसं काही इथे नाही. तुमच्या पत्रात मत तयार आहे. पहिली शंभर पानं हसत वाचली. दुकानात छत्रीच्या काड्या सरळ करण्याचं वर्णन तुम्हाला फार आवडलं, कारण तुमचे वडील पावसाळ्याआधी गॅलरीत बसून घरच्या छत्र्यांना टाके घालत. मधे गोष्ट थोडी रेंगाळली. 212 ला गाडी रुळावरून घसरली. शेवट गोड, जरा जास्तच गोड. हे सगळं तुम्हीच लिहिलंय. याहून वेगळं मत असतं तरी काय? मंडळात चरित्रग्रंथावर बोलतानाही माणसं यापेक्षा कमीच सांगतात, फक्त आवाज खालच्या पट्टीत लावतात.

पण पुस्तकाच्या मोठेपणाकडे मी नंतर येते. आधी कंसाकडे. 'बायकांचं वाचन हो' हे तुम्ही पत्रात कंसात टाकलंय. पत्रातल्या कंसातल्या गोष्टी मी नेहमी आधी वाचते. माणसं खरी अडचण तिथे लपवतात. सुनेचं काय बिनसलं याचा विचार करताना तुम्ही सहाही पानं 'टाइमपास' या शब्दाभोवती घुटमळलात. मला वाटतं, पुस्तकाला टाइमपास म्हटल्याचं तिला फारसं काही वाटलंही नसेल. तिच्या वयाची मुलं स्वतःच तो शब्द दिवसातून दहा वेळा वापरतात. पण त्या माडीवर ती पहिल्यांदा आली होती. तिथे कोण कुठे बसतं, कुणाच्या मताला मान आहे, हे ती बघत होती. आणि तिचे सासरे, ज्यांच्या टीपॉयवर ती भरवशाने पुस्तकं ठेवत होती, त्यांनी एका वाक्यात तिला सांगून टाकलं की जाणत्यांचं वाचन एक आणि तुझं वाचन एक. शिवाय तिच्या आवडीचं पुस्तक स्वतः चवीने वाचून वर. खाल्लं ते खाल्लं, वर ताटाला नावं ठेवली, असं झालं ते.

आता हेही खरं, की ती रागावली आहे हा तुमचा तर्क आहे. तीन आठवड्यांत तिने तसं एकदाही म्हटलेलं नाही. ऑफिसात काम वाढलं असेल. मैत्रिणीकडून नवं पुस्तक आलं नसेल. किंवा तिला वाटलं असेल, 'बाबांना आवडलेलं दिसत नाही, उगाच कशाला त्यांच्या गळ्यात मारू?' ही शेवटची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते आणि सगळ्यात वाईटही तीच. कारण रागावलेलं माणूस कधीतरी भांडतं तरी. समजूतदारपणे मागे सरलेलं माणूस तसंच मागे राहतं आणि घरात सगळं सुरळीत चाललंय असं सगळ्यांना वाटतं.

'जादू म्हणजे मुलांचं, प्रेमकथा म्हणजे बायकांचं आणि उरलेलं ते वाङ्मय' ही वाटणी तुम्ही गृहीत धरून चालला आहात, म्हणून थोडं सांगते. आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्दच मुळी एका जादूच्या प्रेमकथेतल्या नायिकेचं नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाची 'कादंबरी' ती हीच. त्यात राजासमोर एक पोपट गोष्ट सांगतो, शापापायी माणसं पुनःपुन्हा जन्म घेतात, खुद्द चंद्र माणूस होऊन प्रेमात पडतो, आणि नायिका प्रियकराचा निष्प्राण देह सांभाळत बसते, कारण तो पुन्हा उठेल अशी ग्वाही तिला मिळालेली असते. बाणभट्टाच्या हातून ती पुरी झाली नाही, मुलाने पुरी केली. पुढे इंग्रजी नॉव्हेलला मराठीत नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या लोकांनी या बाईचं नाव उचललं. म्हणजे माडीवर तुम्ही 'वैचारिक कादंबरी' असं म्हणता ना, तेव्हाही नाव तिचंच घेत असता.

मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्याही याच वळणाच्या. 1861 ची 'मुक्तामाला' घ्या, 1868 ची 'मंजुघोषा' घ्या. विरह, संकटं, अद्भुत योगायोग यांची नुसती रेलचेल. आणि असल्या लिखाणाचं करायचं काय, हा वादही तेवढाच जुना. 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल (म्हणजे नॉव्हेल) व नाटक या विषयावर निबंध लिहिला होता. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी आपल्या माजघरात आणली, तिथल्या बाईचं रडणं ऐकवलं. ते फार मोठं काम झालं. पण त्या मोठ्या कामाचा एक परिणाम असाही झाला, की ज्यात कुणी रडत नाही ते वाचताना आपल्याला थोडं चोरट्यासारखं होतं. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींना नव्हतं होत. त्यांनी आठ रस मोजले, त्यात शृंगार, हास्य आणि अद्भुत हे तिन्ही आहेत. आठातले तीन रस एका गुलाबी पुस्तकात मिळाले तर नाक मुरडण्यासारखं काय आहे?

आणि तुम्हाला तर हे नवीन नाही. शाळेत असताना बाबुराव अर्नाळकर दप्तरात लपवून वाचायचे, हे तुम्हीच कबूल केलंय. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस गिरगावातल्या किती घरांत उशीखाली असायचा! तेव्हा मास्तरांना घाबरत होतात, आता मंडळाला घाबरता. मधल्या पन्नास वर्षांत फक्त पिशवी बदलली.

मी काही वेगळी नाही. एकदा हार्बरच्या बायकांच्या डब्यात अशीच एक प्रेमकथा वाचत होते. मुखपृष्ठावर दोघं एकमेकांना टेकलेली, म्हणून वर रविवारच्या पुरवणीचं कव्हर घातलं होतं. वडाळ्याला उतरायचं होतं, भानावर आले तेव्हा कुर्ला आलं होतं. शेजारची कोळीण पाटी सावरत म्हणाली, "झालं का गं त्यांचं जमून?" तिने कव्हरच्या आत केव्हाच डोकावलं होतं. तेव्हापासून मी कव्हर घालत नाही.

याचा अर्थ हलकंफुलकं सगळंच उत्तम, असं मुळीच नाही. बरचसं टाकाऊ असतं, जसं वैचारिकही बरचसं टाकाऊ असतं. तुमच्यासारखे अनेक वाचक मला विचारतात, की अशा पुस्तकाबद्दल बोलायचं कसं, 'छान आहे' आणि 'टाइमपास आहे' याच्या पलीकडे शब्दच सुचत नाहीत. माझी पद्धत सांगते. पुस्तक संपल्यावर, दुसऱ्या कुणाचं मत कानावर पडायच्या आत, चार ओळी लिहून ठेवायच्या. विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिल्या तरी चालतात. मोठ्याने हसलो ते पान कुठलं? कंटाळून पुढचं चाळलं ते कुठलं? जादू असेल तर तिने स्वतःचा नियम पाळला का, आणि त्या जादूची कुणाला काही किंमत मोजावी लागली का, की हवं तेव्हा नळ सोडावा तशी ती आली? आणि प्रेमकथेला मी एक कसोटी लावतेच: जादू काढून घेतली तर ही दोन माणसं एकमेकांशेजारी तासभर बसतील का? तुमच्या पुस्तकातली बसतील, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तो तिच्या दुकानात छत्र्यांच्या मुठी पुसत बसतो तो प्रसंग तुम्ही इतका रंगवून लिहिलाय, की त्यात जादूचं नावही आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

'त्या मानाने बरं आहे' हे वाक्य मात्र टाळा. कुठल्या मानाने? भेळेची तुलना कुणी पुरणपोळीशी करत नाही. भेळ नीट जमली का, एवढंच बघतात. चिंचेचं पाणी जास्त झालं तर तसं सांगतात.

आता 212 व्या पानाकडे येते. चार दिवस मी त्यावर विचार केला, कारण तुमची तक्रार मला आधी पटली होती आणि मग पटेनाशी झाली. तपासनीस म्हणाला, "मला या गावात राहायचं नाही." तुम्ही म्हणता ते खोटं होतं. पण ते खोटं होतं, की चुकीचं होतं? त्या क्षणी त्याला मनापासून तसंच वाटत असेल तर? छत्री खोटं अडवते. माणसाला स्वतःचंच मन कळलं नसेल तर ती काय करणार? तसं असेल तर लेखिकेने नियम मोडलेला नाही, उलट तो फार हुशारीने वापरला आहे, आणि तुम्हाला जी चूक वाटली ते कदाचित पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान असेल. मी पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. कदाचित तुमचंच बरोबर असेल आणि लेखिका खरंच विसरली असेल.

तुम्ही शनिवारी जे बोललात ते मात्र नुसतं चुकीचं नव्हतं, खोटं होतं. पुस्तक आवडलंय हे तुम्हाला नीट माहीत होतं. छत्रीखाली तुमची जीभ अडखळली असती.

तुमच्या तीन पर्यायांचं आता बघू. गप्प बसणं तुम्हाला जमणार नाही. जमलं असतं तर सहा पानं लिहिली नसतीत.

'चांगलं पुस्तक' भेट देणं, हा पर्याय कृपा करून डोक्यातून काढा. पत्रात तुम्ही नावही ठरवून ठेवलंय, दोन खंडांचं. 'तुझं वाचन हलकं म्हणून मी हसलो, आता हे घे वजनदार,' असंच त्यातून पोहोचेल. वर तिला ते वाचावं लागेल आणि आवडलं म्हणून सांगावंही लागेल. सासरे आहात, तिला नाही म्हणणं सोपं नाही.

सगळ्यांसमोर कबुली देण्याचं धैर्य चांगलं, पण त्यात एक खोच आहे. 'मागच्या वेळी मी माझ्या सुनेचा अपमान केला' असं उभं राहून सांगितलंत, तर त्या पंधरा जणांच्या माना पुन्हा तिच्याकडे वळतील. ज्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं त्यांनाही कळेल. तिला न विचारता तर हे अजिबात करू नका.

मला विचाराल तर उलट्या क्रमाने जा. आधी घरी. रात्री जेवणं आटोपल्यावर, ओट्यापाशी किंवा गॅलरीत, जिथे ती मोकळी असेल तिथे. माफीचं भाषण नको. एक वाक्य पुरे: "त्या दिवशी मी 'बायकांचं वाचन' म्हणालो ते चुकलं माझं. रात्री दोनपर्यंत जागून मीच वाचलं होतं." एवढं बोलून लगेच 212 वर या. तुमची तक्रार सांगा, हवं तर माझी शंकाही सांगा, आणि तिला काय वाटतं ते विचारा. ती तुमच्याशी वाद घालेल अशी मला आशा आहे. वाद घालायला लागली, की समजा टीपॉय पुन्हा भरायला लागलं. तिने नुसतं "जाऊ द्या हो बाबा" म्हटलं, तर ताणू नका. दोन दिवसांनी स्वतःहून विचारा, "दुसरं काही आहे का वाचायला?" सासऱ्याने सुनेकडे पुस्तक मागणं हे आपल्याकडे अजून थोडं नवं आहे, म्हणून ते बरोबर पोहोचतं.

मग शनिवार. तिथे स्वतःबद्दल बोलू नका, पुस्तकाबद्दल बोला. पाच मिनिटं असतात ना, ती सगळी त्या छत्र्यांना द्या. वडिलांच्या टाक्यांची आठवण सांगा. रेंगाळलेला मधला भाग सांगा. 212 सांगा. गंभीर चेहरा करून 'या लोकप्रिय वाङ्मयाची सामाजिक कारणमीमांसा' वगैरे करू नका, तुमचा तो मोह पत्राच्या पाचव्या पानावर मला दिसलाय. हसू आलं तिथे हसून सांगा. पिशवीतल्या गुलाबी पुस्तकाची चौकशी करणारे गृहस्थ कदाचित पुन्हा काही बोलतील. बोलू द्या. माझा अंदाज आहे, चहाच्या वेळी तेच तुमच्याजवळ येऊन हळूच विचारतील, ते पुस्तक जरा मिळेल का म्हणून.

ज्यांच्या घरी नेमकं उलटं आहे, म्हणजे कुणी प्रेमाने दिलेलं पुस्तक अजिबात आवडलेलं नाही, त्यांनाही हेच लागू पडतं. खोटं कौतुक करू नका आणि देणाऱ्याच्या आवडीवर घसरू नका. एखादं पान शोधा, त्यावर बोला. एकही पान सापडलं नाही तर तसं सांगा आणि तुला यात काय आवडलं ते विचारा. उत्तर ऐकून पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटतं, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. तिसऱ्यांदा नाही झालं, ते पुस्तक खरंच वाईट होतं.

आणि हो, सहा पानांत तुम्ही पुस्तकाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. मुद्दाम गाळलंत की विसरलात? सुनेला विचारून तेवढं कळवा. 212 व्या पानाचं काय ते मला स्वतःला बघायचंय.